झाकणासमोर उभं राहायचं नाही

ढोले मॅडमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी त्यांना ‘शिस्तप्रिय’ म्हटलं. अमरावतीच्या आमच्या कॉलेजचा हॉल, हार घातलेला फोटो, आणि माइकवर एकामागून एक माणसं. शिस्तप्रिय, करारी, वक्तशीर. मी मागच्या रांगेत बसून नुसता चरफडत होतो. अरे, बाई मारत होती! सरळ सांगा ना. हातानं मारत होती, पान्यानं मारत होती, रबरी नळीनं मारत होती, एकदा तर जेवणाच्या डब्यानं मारलं होतं आणि आतली वांग्याची भाजी पोराच्या शर्टावर ओघळली होती. आज विभागप्रमुख असलेले गृहस्थ तेव्हा मॅडमचे विद्यार्थी होते. करारीपणावर बोलताना त्यांचा हात दोनदा गालाकडे गेला. त्यांना सगळं आठवत होतं, पण बोलले नाहीत.

म्हणून मी लिहितोय. मॅडमनं मला तीनदा मारलंय, तेवढा हक्क मला आहे.

नाव डॉ. बेबी ढोले. शाळेच्या दाखल्यावर बेबीच होतं, ते तसंच पीएचडीपर्यंत गेलं. नांदगाव खंडेश्वरकडच्या, घरी वांगी, मेथी, कोथिंबिरीची शेती. जेमतेम पाच फूट उंची. पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषांचे लोखंडी टोकाचे बूट, पर्समध्ये चोवीस नंबरचा पाना. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “कोन्या मानसाले मारून मले जेलात जाचं नाई.”

आमच्या प्रयोगशाळेत त्या एरोजेल बनवायच्या. एम.एस्सी.ला असताना मला त्यातलं काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “खरवस खाल्ला का बे कधी?”

“हो मॅडम.”

“त्यातलं सारं पानी काढाचं हाये. पन खरवस बसला नाई पायजे. जेवढा होता तेवढाच राह्यला पायजे. कसा काढशीन?”

“उन्हात वाळवीन.”

“मंग त्याची पापडी होईन, बह्याडा!” त्या म्हणाल्या. मग मात्र शांतपणे समजावलं. वाळूपासून केलेलं जेल असतं, त्याच्या आत बारीक बारीक खोल्या असतात, खोल्यांत अल्कोहोल भरलेलं. ते साधं वाळवलं तर जाता जाता भिंतींना ओढून घेतं आणि सगळं घर बसतं. म्हणून जाड पोलादी भांड्यात जेल ठेवायचं, अल्कोहोलच्या जागी दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि तापवायचा. एकतीस अंशांच्या वर गेला, दाब साध्या हवेच्या त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर पटीच्या पुढे गेला, की तो धड पाणीही राहत नाही आणि धड हवाही नाही. “त्यालेच सुपरक्रिटिकल म्हनतेत. भिंतीले धराले त्याले हातच नाईत. मंग त्याले हळूहळू बाहेर सोडाचं. हळू! घाई केली का संपलं.”

मागे उरतं ते एरोजेल. काचेचं, पण जवळजवळ सगळी हवाच. हातावर ठेवलं तर ठेवलंय हे कळत नाही, आणि त्याच्यावर फूल ठेवून खालून बर्नर लावला तर फूल कोमेजत नाही. मॅडमच्या हातून बनलेली इतकी नाजूक वस्तू बघून मला हसू आलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात पहिला मार बसला. भांडं दाबाखाली होतं. झाकणाला कुठून वायू गळतोय का ते बघायला मी समोर वाकलो. मागून कानाखाली अशी बसली की मी टेबलाखाली गेलो. उठतो तर दुसरी तयार.

“झाकनासमोर कोन उभं राह्यते?”

“मी फक्त पाहत होतो मॅडम.”

“हे भांडं माह्याहून मारकुटं हाये. मी मारलं तं गाल सुजते. यानं मारलं तं मानूस जमा करा लागते. बाजूनं पाह्य!”

मी रागानं दोन दिवस कॉलेजला गेलो नाही. बडनेऱ्यात घरी बसून तक्रारअर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा मॅडमनं अर्ध्या तळहाताएवढा एरोजेलचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, “हा तुह्या बॅचचा. एक भेग नाई.” अर्ज खिशातच राहिला.

सिलिंडरचा किस्सा अमरावतीत अजून सांगतात, पण चुकीचा सांगतात. खरं असं झालं. मे महिना होता. वायूचे सिलिंडर पोचवणाऱ्या ठेकेदारानं चार सिलिंडर सावलीत लावायचा कंटाळा केला आणि भिंतीशी उन्हात उभे करून निघून गेला. आता एकतीस अंश म्हणजे आमच्या वऱ्हाडात सकाळी आठ वाजताच होतात. बाराच्या सुमारास एका सिलिंडरची सुरक्षा-चकती फुटली. खरं तर दाब वाढला की ती फुटायलाच असते, पण सिलिंडरला साखळी नव्हती. तो आडवा पडला, फुसफुसत फरशीवरून निघाला, विटांची भिंत फोडली, पलीकडच्या गॅलरीतलं लोखंडी कपाट चेपलं आणि जिन्याशी जाऊन थांबला. सुट्टीचे दिवस होते म्हणून गॅलरीत कुणी नव्हतं.

मॅडमनं आधी उरलेल्या तीन सिलिंडरवर ओली गोणपाटं टाकली. मग ठेकेदाराला फोन करून गोड आवाजात बोलावलं. तो आला, त्याला पाणी दिलं. मग त्याला भिंतीतल्या भोकाजवळ नेलं आणि रबरी नळीनं असं झोडपलं की तो गेटपर्यंत पळाला. मॅडम मागे, बूट खडखड वाजताहेत. “इथं पोट्टं उभं असतं तं? सांग न! पोट्टं उभं असतं तं?” एवढं एकच वाक्य त्या ओरडत होत्या. गेटवर पोचल्यावर त्यांचा आवाज फाटला आणि त्या तिथंच रडायला लागल्या. हे रडणं मात्र किस्सा सांगणारे गाळतात.

मारणं चांगलं असं मी म्हणत नाही हं. मी माझ्या हाताखालच्या माणसावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मला त्याचा अभिमान होता. त्या अभिमानाचं पुढं काय झालं, तेही सांगतो.

निवृत्तीनंतर मॅडमला अकोल्याच्या एका कारखान्यानं बोलावून घेतलं. तिथं एरोजेलच्या चादरी करायच्या होत्या, गरम नळांना गुंडाळायच्या. मॅडमनं मलाही नेलं आणि शिफ्टचा इन्चार्ज केलं. त्या अमरावतीहून एसटीनं, मी बडनेऱ्याहून गाडीनं. तिथलं भांडं म्हणजे आडवी टाकीच, माणूस वाकून आत जाईल एवढी. तोंडाला बिजागरीचं झाकण, झाकणाला सोळा नट.

उघडायची पद्धत मॅडमनं ठरवून दिली होती. वायू पाच तास सोडायचा, कमी नाही. गेज शून्यावर आला तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सोळाही नट ढिले करायचे, पण एकही काढायचा नाही. मग बाजूला उभं राहून लाकडी हातोड्यानं झाकणाच्या कडेवर ठोकायचं. आत काही उरलं असेल तर तिथून फुस्स करून निघेल आणि नट झाकणाला धरून ठेवतील. त्यानंतरच नट काढायचे. काम दुप्पट होतं. माणसं वैतागायची आणि मॅडमची पाठ फिरली की एकेक नट सरळ काढूनच टाकायची.

गजानन असाच काढताना सापडला. बाळापूरचा, चाळिशीतला, दोन पोरींचा बाप, कामाला वाघ. मॅडमनं पाना त्याच्या बोटांवर हाणला, सगळ्यांसमोर. बोटं काळीनिळी झाली. संध्याकाळी त्यानं मालकाकडे अर्ज दिला: मॅडम मारतात, आम्ही जनावरं नाही. आणि त्याचं काय चुकलं सांगा? मीही तसाच अर्ज लिहिला होता की.

मालकाला आयतंच मिळालं. त्याला पाच तास खुपत होते, दोन तासांत वायू सोडून दिवसाला जास्त बॅचा काढायच्या होत्या. मॅडम ऐकत नव्हत्या. आता अर्ज हातात आला, तेव्हा त्यानं मॅडमला निरोप धाडला: सोमवारी या आणि खुलासा द्या, नाहीतर काम सोडा. म्हणजे सोमवारी ठरणार होतं एकच, त्या भांड्याजवळ मॅडमचा शब्द चालणार का मालकाचा.

त्या सोमवारी एसटी मूर्तिजापूरला बिघडली आणि मॅडमला उशीर झाला. इकडे मालक म्हणाला, आज दोन तासांत सोडा. मी म्हणालो, बरं. त्यात भांड्याचं स्वतःचं गेज दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून आम्ही वायू बाहेर जाण्याच्या नळावरचं गेज बघत होतो. अल्कोहोल काढायची आधीची धुलाईही घाईत उरकलेली, आत अल्कोहोल राहिलेलं. व्हॉल्व्ह जास्त उघडला. वायू एकदम सुटला की गारठतो, गोठतो. नळाच्या वळणात त्याचा बर्फ धरला आणि नळ बुजला. वळणाच्या पुढचं गेज शून्य दाखवायला लागलं. खरंच तर होतं, पुढे काहीच येत नव्हतं. सगळं मागे भांड्यात होतं.

मी काचेच्या खोलीतून माइकवर म्हणालो, “गजाननभाऊ, शून्य झालं. घ्या उघडायला.” किती छान बोललो! भाऊ म्हणालो, घ्या म्हणालो.

त्यानं सात नट काढले होते, आठव्याला पाना लावला होता, तेव्हा मॅडम दारातून आत आल्या. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आत नळ वळणापर्यंत पांढराफेक, वळणापुढे कोरडा. एवढंच त्यांनी पाहिलं. एव्हाना काँप्रेसर सुरू झालेला, गजाननच्या कानात बोळे घातलेले. ओरडून काही उपयोग नव्हता. त्या धावल्या. साठी उलटलेली बाई, पर्स फेकून धावली आणि लोखंडी टोकाच्या बुटानं गजाननच्या खांद्यात लाथ घातली. तो कोलमडून बाजूला पडला. मॅडमचा तोल गेला, उजवा हात सावरायला झाकणाच्या कडेवर टेकला, आणि झाकण सुटलं.

आवाज मला आठवतच नाही. काच माझ्या अंगावर आली ते आठवतं. पांढरी वाफ भरली. वाफ नव्हे, गारठलेला वायू, त्यात श्वास घेता येईना. दोघा जणांनी दारं उघडली, मी रांगत गेलो. झाकण बिजागरीसकट समोरच्या भिंतीत रुतलं होतं. जिथं गजाननचं डोकं होतं, तिथून सरळ रेघ मारली तर त्याच भिंतीत जाते. गजानन पडल्या पडल्या बोंबलत होता, त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. मॅडम भांड्याला टेकून बसल्या होत्या. उजवा हात कोपरापासून पुढे हात म्हणण्यासारखा राहिला नव्हता. रक्त बुटात उतरत होतं. मला बघून त्यांनी विचारलं, “जिता हाये ना थो?”

“आहे मॅडम.”

“बोंबलून राह्यला, म्हंजे हाये,” त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

हात कोपराखाली काढावा लागला. चौथ्या दिवशी गजानन खांद्याला पट्टा बांधून दवाखान्यात आला, मी सोबत होतो. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला.

“मॅडम, मी अर्ज वापस घेऊन राहिलो.”

“कायले? मी मारलं नाई का तुले?”

“मारलं.”

“मंग राहू दे. खरं हाये थे. बोटं कशी हायेत?”

“बरी हायेत.”

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “गेज कोनतं पाह्यलं?”

“नळावरचं.”

“हातोडा?”

“नाही मारला.”

“उघड म्हनून कोन म्हनलं?”

गजानन खाली बघत होता. मी म्हणालो, “मी.”

“जवळ ये.”

मी वाकलो. मला माहीत होतं काय येणार आहे आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. त्यांनी डाव्या हातानं मारलं. सलाईनची सुई निघाली, चादरीवर आणि माझ्या गालावर रक्त उडालं, नर्स ओरडत धावली. मॅडम धापा टाकत होत्या.

“इतकं गोड बोलून कोनी मानसाले झाकनासमोर उभं करते का बे?” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी काय केलं असेल? आठ दिवसांनी मालकानं माझ्यापुढे कागद ठेवला. शिफ्ट इन्चार्जचा जबाब: मॅडमनी ड्यूटीवरच्या कामगाराला लाथ मारली, त्यात त्याचं हाड मोडलं, योग्य अंतर न राखल्यामुळे त्यांना स्वतःलाही इजा झाली. कागदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गेजबद्दल त्यात काही नव्हतं, हातोड्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल नव्हतं. मी सही केली. नोकरी होती, घर होतं, सगळी कारणं होती. लाज वाटते मला. तेव्हाही वाटली होती, पण सही केली. मॅडमचं काम सुटलं आणि गेटवरच्या चौकीदाराला सांगून ठेवलं की ही बाई आत येता कामा नये. गजाननला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “तुमी तं मारत नाई ना साहेब.” नंतर तो कामाशिवाय माझ्याशी बोलला नाही.

दोन-तीन महिने सगळे जपून वागले. नवं झाकण आलं, भांड्याचं गेज आलं. पाच तास पाळले, हातोडा मारला. मग मालकानं साडेचार केले, मग चार. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी त्याचा फोन आला, आज अडीच तासांत मोकळं करा. मी पुन्हा म्हणालो, बरं. व्हॉल्व्ह आणखी अर्धा फेरा उघडायला सांगितला. गजाननानं माझ्याकडे पाहिलं आणि उघडला. छपरावरच्या नळातून वायू कर्कश ओरडत बाहेर पडायला लागला.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. टिनाच्या भिंतीवर धाडकन काहीतरी आदळलं. पुन्हा आदळलं. तिसऱ्यांदा आदळलं तेव्हा वरच्या झरोक्याची काच फुटून आत आली आणि तिच्यामागून मुठीएवढा दगड आला. माणसं पळाली. चौकीदार बाहेर आरडाओरड करत होता, “ओ बाई, डोकं फिरलं का तुमचं?” मी खिडकीशी गेलो.

रस्त्याच्या पलीकडे मॅडम उभ्या होत्या. अधूनमधून समोरच्या बसस्टॉपवर येऊन बसतात असं चौकीदार सांगायचा, ते खरं निघालं. उजव्या बाहीला खाली गाठ मारलेली. पायाशी रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, तिच्यातून त्या डाव्या हातानं दगड उचलत होत्या आणि पूर्ण ताकदीनं फेकत होत्या. डाव्या हाताला सवय नव्हती, प्रत्येक फेकीला अंग गरकन फिरायचं. एक दगड चौकीदाराच्या मांडीला लागला, तो लंगडत आत आला. त्या थांबल्या नाहीत. तोंडानं एक शब्द नाही. नुसते दगड.

“मॅडम हायेत,” गजानन माझ्यामागे येऊन म्हणाला. “कमी करू का, साहेब?”

मी स्वतः गेलो. व्हॉल्व्ह अर्धा फेरा आवळला, मग आणखी पाव. वरचा आवाज उतरला, उतरता उतरता मॅडमच्या काळात असायचा तेवढा झाला. मी परत खिडकीशी आलो. मॅडम हातात दगड घेऊन मान तिरकी करून ऐकत होत्या. बराच वेळ ऐकलं. मग दगड टाकला, हात साडीला पुसला आणि बसस्टॉपकडे निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या तेव्हाच. पुढे नांदगावलाच असायच्या म्हणे, आणि परवा साध्या तापानं गेल्या.

त्या दिवशी झाकण उघडायला संध्याकाळचे सात वाजले. मालकाचे चार फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. गजाननानं सोळाही नट ढिले केले, आणि मी बाजूला उभं राहून हातोडा मारला.